ज्या घरात खसखस येत नसे

उन्हाळा लागला की आमच्या गल्लीतल्या बायका वर्षाच्या चटणीचा मसाला डब्यांतून भरून कांडपाच्या गिरणीत घेऊन जायच्या. तिथं नंबर लावून बसायचं, ठसक्यानं डोळ्यांतून पाणी काढायचं, एकमेकींच्या मिरचीला नावं ठेवायची आणि संध्याकाळी तांबडे हात घेऊन घरी यायचं, हा त्यांचा वर्षाचा सणच होता. रूथ आत्या त्यात कधीच नसायची. ती घरातच, मागच्या दारी, लोखंडी खलबत्त्यात चटणी कुटायची. दोन-तीन दिवस पुरायचं ते काम. गिरणीत आधीच्या बाईच्या मसाल्यातली खसखस राहिलेली असते, ती आपल्यात मिसळेल, एवढंच कारण. खसखस आमच्या घरात येत नसे. खसखस पडलेलं काहीही येत नसे. आता खसखस कशाकशात असते याचा विचार कोल्हापूरच्या माणसानं एकदा करून बघावा. चटणीत असते, करंजीच्या सारणात असते, अनारशाच्या पाठीवर असते, बाळंतिणीच्या लाडवात असते, गव्हाच्या खिरीत असते, लग्नाच्या पंगतीत तर असतेच असते. मी आज घरातून निघताना गॅस, नळ, खिडक्या ठरलेल्या क्रमानं बघून निघणारी बाई आहे. लहानपणी मात्र माझ्या डोक्यात एकच यादी पाठ असायची, कुणाच्या घरी काय खायचं नाही याची.

आधी घर सांगते. शाहूपुरीत, मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वर आम्ही राहायचो. पुढच्या मोठ्या खोलीत पप्पांचा टायपिंगचा क्लास, मागे एक खोली, त्यामागे स्वयंपाकघर. सकाळची पहिली बॅच बसली की जमिनीपर्यंत हादरे जायचे. नवशिकी मुलं एकेक अक्षर शोधत टक् टक् करायची, जुनी मुलं सरीसारखी वाजवायची, ओळ संपली की घंटी किणकिणायची आणि मशीनचा वरचा भाग खर्रकन मागे सरकायचा. खालून हातोड्याचा आवाज आणि वंगणाचा वास. त्या गोंगाटात मी अभ्यास केला आणि अजूनही मला पूर्ण शांततेत हिशेब जमत नाहीत. खरी भीती वाटायची ती संध्याकाळी. शेवटची बॅच गेली की पप्पा एकेका मशीनवर काळं कव्हर घालायचे आणि घर एकदम बहिरं व्हायचं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन आत्याच्या पाठीला पाठ लावून बसायची. आई मी फार लहान असताना गेली. तिची अशी काही आठवण मला नाही. मला वाढवलं ते आत्यानं. ती पप्पांची धाकटी बहीण, अंगानं सडपातळ, आवाजानं खणखणीत. भाकरी थापताना चर्चमधली गाणी म्हणायची आणि मधल्या कडव्यातच मला ओरडायची, "एस्तू, चूल बघ की गं, का नुसती ऐकतीस?"

आम्ही हॉलिस. कोल्हापुरात हे आडनाव आमचं एकट्याचंच. शाळेत हजेरी घेताना बाई माझ्या नावापाशी थांबायच्या, वर बघायच्या आणि माझे घारे डोळे दिसले की समाधानानं पुढं जायच्या. गल्लीत आम्हाला गोऱ्याचं घर म्हणायचे, जरी आमच्यात रंगानं गोरं कुणीच नव्हतं. चर्चमध्ये आमचीच माणसं म्हणावीत तर तिथली सगळी घरं मिशनच्या शाळेतून, दवाखान्यातून पुढं आलेली, एकमेकांची सोयरीक असलेली. प्रार्थनेनंतर बायका घोळक्यानं उभ्या राहून बोलायच्या. आत्या आणि मी पायरीवर चपला घालायला जरा जास्तच वेळ लावायचो, कुणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून.

हे सगळं जिथून आलं तो माणूस म्हणजे माझे खापरपणजोबा, एडवर्ड हॉलिस. आम्ही त्यांना थोरले हॉलिस म्हणायचो. त्यांचा बाप कंपनीच्या फौजेतला गोरा, आई इथलीच. तिचं नाव कुणी जपून ठेवलेलं नाही. अशा मुलांना त्या काळी गोऱ्यांत वरची नोकरी मिळत नसे आणि इकडच्या पंगतीत पाट मिळत नसे, म्हणून त्यांतले बरेच जण दलालीत शिरत. थोरले हॉलिस अफूच्या दलालीत शिरले. माळव्यात खसखशीच्या बोंडाला चिरे पाडून चीक काढायचे, त्याचे गोळे करायचे, गोळे पेट्यांत भरायचे, पेट्या बैलगाड्यांनी मुंबईला जायच्या, तिथं सरकार आपला कर घ्यायचं आणि माल जहाजांतून चीनला. पप्पा हे मला भूगोलासारखं शिकवायचे, नकाशावर बोट फिरवत. बोट चीनच्या किनाऱ्याला लागलं की त्यांचा आवाज उतरायचा. थोरले हॉलिस एकदा मालाबरोबर स्वतः तिकडं गेले, तिथं एका बंदरात त्यांनी अफूनं वाळून गेलेली माणसं भिंतीला टेकून ओळीनं बसलेली पाहिली. परत आले ते धंदा टाकूनच. इकडं कोल्हापूर संस्थानात येऊन राहिले आणि शपथ घेतली की या झाडाचं बीसुद्धा माझ्या घरात शिजणार नाही. म्हणून आपल्याकडं खसखस नाही. मग जेवणाआधीच्या प्रार्थनेत पप्पा एक ओळ आपली घालायचे: आणि आमच्या घराण्यानं ज्यांच्या तोंडी विष दिलं, त्यांच्या लेकराबाळांना, प्रभू, तू जेवू घाल. मी डोळे मिटून रिकाम्या ताटांसमोर बसलेली चिनी मुलं बघायची आणि आपल्या ताटाकडं बघायला लाजायची.

थोरल्या हॉलिसांकडून आमच्यापर्यंत पैसा आला नाही, जमीन आली नाही, साधी तसबीरही आली नाही. आले ते घारे डोळे आणि हा नेम. त्यातल्या डोळ्यांचा पप्पांना त्रास व्हायचा आणि नेमाचा आधार. आपला पणजोबा विषाचा व्यापारी होता हे ते कुणालाही मान वर करून सांगायचे, कारण पुढचं वाक्य तयार असायचं, पण त्यांनी पश्चात्ताप केला. आज मला वाटतं, त्या पुढच्या वाक्यावरच ते उभे होते.

माझी शाळेतली एकच मैत्रीण म्हणावी अशी, सुनीता. तिचे वडील बँकेत होते. बौद्ध कुटुंब, दोन गल्ल्या सोडून राहायचं. बुद्धपौर्णिमेला तिनं मला घरी नेलं. मूर्तीसमोर मेणबत्त्या लावलेल्या, घर झाडून-पुसून लखलखीत. तिच्या आईनं सगळ्यांना गव्हाची खीर वाढली आणि माझ्या हातात वाटी दिली. मी खाली बघितलं. गुळाच्या रंगावर बारीक पांढरे ठिपके. मी वाटी तशीच धरून बसले.

"खा की गं," सुनीताची आई म्हणाली. "गार व्हायली."

"नको काकू."

"नको कशाला? आमच्यातलं चालत न्हाय व्हय तुला?"

"तसं नाही काकू, आमच्यात खसखस…"

"आमच्या घरात आलं की समद्यांस्नी असंच कायतरी आठवतंय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि सुनीताच्या धाकट्या भावापुढं ठेवली. "असू दे. सवय हाय आमाला."

मी घरी येऊन आत्याला सांगितलं. आत्या लगेच पदर नीट करून त्यांच्या घरी गेली, सगळं समजावून सांगून आली. त्यांनी ऐकून घेतलं, चहाही दिला. पण अफू, चीन, शपथ असलं कुणाला खरं वाटणार? सुनीता वर्गात माझ्याशी बोलत राहिली, वाईट वागली नाही कधी. घरी मात्र पुन्हा बोलावलं नाही. मी पप्पांना म्हणाले, एक वाटी खाल्ली असती तर काय झालं असतं? पप्पा म्हणाले, "नेम सोपा असता तर त्याला अर्थ काय?" चर्च, शाळा, गल्ली, सगळीकडून असं पाऊल मागं घेत घेत शेवटी माझ्या जगात एक माणूस उरलं, आणि ते म्हणजे आत्या.

आणि मग सॅम्युएलकाका आले. वारणानगरला साखर कारखान्याच्या कामगारांसाठी त्यांची मेस होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पाळकसाहेबांनी सुचवलं, दोघांनी एकमेकांना चर्चच्या आवारात पाहिलं, आणि आत्यानं, जिचं लग्न होणार नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं तिनं, हो म्हटलं. काका बोलणी करायला आमच्याकडं आले तेव्हा क्लास चालू होता. मोठ्या देहाचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. टायपिंगच्या आवाजावर आवाज काढून बोलत होता.

"मास्तर, मला काय बी नको. नेसत्या लुगड्यानं पाठवा. फकस्त हिचं ध्यान मेसवर पायजे. माझं आचारी मटण चोरत्यात."

पप्पांनी नेम सांगितला. सगळा, माळव्यापासून. काका मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे हिनं खसखस खायाची न्हाय. नगं खाऊ दे. मी कुठं जबरदस्ती करतोय?"

"खायची नाहीच. हातही लावायचा नाही. हॉलिसच्या हातानं खसखस शिजायची नाही."

"मास्तर, बुधवार, शुक्रवार, रविवार माझ्यात पांढरा रस्सा असतोय. त्यात खसखस न्हाय घालायची तर काय चुना घालू?"

आतल्या खोलीत आत्या फस्सकन हसली. पप्पा हसले नाहीत. काका टोपी घालून उठले. "तुमी इचार करा. मी थांबतो. माझी काय घाई न्हाय, पर माझं वय बी काय ऱ्हायलं न्हाय."

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात फार वाईट गेले. कुणी भांडत नव्हतं. पप्पा आणि आत्या एकमेकांना मीठ मागताना माझ्यामार्फत मागायचे. आत्यानं गाणी म्हणणं बंद केलं. पप्पांचं म्हणणं सरळ होतं: लग्नाला ना नाही, पण मेसवर काम करणार असशील तर नेम मोडतो. आत्याचं म्हणणंही सरळ होतं: नवऱ्याचं घर म्हणजे मेस, मेस म्हणजे चूल, चुलीला हात न लावता मी तिथं काय शोभेला बसू? त्या दोघांच्या मध्ये मी होते आणि मला मनातून पप्पांचंच जिंकणं हवं होतं. नेमावर माझी श्रद्धा होती म्हणून नव्हे. आत्या गेली तर काळी कव्हरं घातल्यानंतर त्या घरात मी कुणाच्या पाठीला पाठ लावून बसणार होते?

शेवटी पप्पांनीच तोड काढली. थोरल्या हॉलिसांचे शेवटचे दिवस नेसरीला गेले होते, गडहिंग्लजच्या पुढं. तिथं त्यांची स्वयंपाकीण होती, तिची नात अजून हयात आहे, एवढं पप्पांना त्यांच्या वडिलांकडून कळलेलं. कधी गेले नव्हते ते. पप्पा आत्याला म्हणाले, "तिच्या आजीनं त्यांच्या घरात रांधलं. त्यांनी किती मोठी गोष्ट सोडली ते तिच्या तोंडून ऐक. ऐकल्यावर तू ठरवशील ते मला मान्य. मी आड येणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

पप्पा इतके निश्चिंत होते की मीसुद्धा निश्चिंत झाले.

गडहिंग्लजला एसटी बदलून आम्ही नेसरीला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. भाताच्या मळण्या चालल्या होत्या, रस्त्यावर पिंजराचा, ताज्या पेंढ्याचा वास. विचारत विचारत घर सापडलं. पुढच्या सोप्यात एक म्हातारी पाय पसरून पावटे सोलत होती. तिला गावात तानाक्का म्हणत.

"कोण पावणं?"

"कोल्हापूरहून आलोय," पप्पा म्हणाले. "माझं नाव हॉलिस."

तिचे हात थांबले. "आफूबाबाच्यातलं व्हय?"

पप्पांना ते नाव आवडलं नाही, पण त्यांनी मान हलवली. म्हातारी भिंतीला धरून उठली, पप्पांची हनुवटी धरून त्यांचं तोंड उजेडाकडं वळवलं आणि डोळ्यांत निरखून पाहिलं. तेव्हाच तिचे डोळेही उजेडात आले. माझ्यासारखे होते. पप्पांसारखे, आत्यासारखे. सुरकुत्यांच्या जाळीत दोन घारे डोळे.

"पावणं कसलं आलंय," ती आत बघून ओरडली, "घरातलंच हाईत की! च्या टाक गं."

मला क्षणभर आनंदच झाला. या डोळ्यांचं आणखी कुणीतरी जगात होतं. पप्पा मात्र खांबाला टेकले. जरा वेळानं, बाकी काही ऐकलंच नाही अशा स्वरात म्हणाले, "तुमची आजी त्यांच्याकडं स्वयंपाकाला होती ना?"

"सैपाकाला बी हुती," तानाक्का म्हणाली. आत तिची नातसून खुदखुदली.

पप्पांचे कान लाल झाले. तरी त्यांनी धीर सोडला नाही, कारण ते या गोष्टीसाठी आले नव्हते. "त्यांचा एक नेम होता, आक्का. खसखशीचा. तो जरा आमच्या बहिणीला सांगा. आजीकडून ऐकलं असेल तुम्ही. त्यांनी का सोडली ते."

"ऐकलंय की. रोज ऐकलंय. घरात खसखस आणायची न्हाय म्हंजे न्हाय. आजीनं एकदा लाडवात घातली तर परात भिरकावली म्हणं अंगणात. कुत्र्यांनी खाल्लं लाडू."

पप्पांनी आत्याकडं बघितलं. बघ, असं ते बघणं होतं.

"लई भ्यायचा," तानाक्का पावटे सोलत म्हणाली. "माळव्याच्या व्यापाऱ्यांनी डोक्यात भरवलेलं त्याच्या. ह्यो धंदा करणाऱ्यानं बी खायाचं नसतं. बी खाल्लं म्हंजे फुडल्या सालचं पीक खाल्लं. मग भाव पडतोय, माल बुडतोय, असलं कायतरी."

एक कोंबडी सोप्यात आली, तिला म्हातारीनं शेंगेचं टरफल फेकून मारलं.

"पण धंदा तर त्यांनी सोडला होता," पप्पा सावकाश म्हणाले. "चीनला जाऊन आल्यावर. तिथली माणसं पाहिल्यावर."

"कुठलं चीन? बोटीत पाय ठिवला न्हाय त्यानं कदी. पाणी बघून वकाऱ्या व्हायच्या म्हणं त्याला. आन् सोडतोय कशाला? अंथरुणाला खिळल्यावर बी इच्यारायचा, माळव्यात अवकाळी पडला न्हाय न्हवं? आजी सांगायची, माझं पोर शेजारी तापानं फणफणतंय त्याचं काय न्हाय, आन् ह्याला माळव्यातल्या पावसाचा घोर."

"तुम्हाला नीट आठवतंय का हे सगळं?"

"काल काय जेवले ते आठवत न्हाय बाबा. आजीचं बोलणं आठवतंय." मग तिच्या लक्षात आलं असावं की समोरच्या माणसाला काहीतरी झालंय. ती मऊ आवाजात म्हणाली, "वंगाळ न्हवता तसा. पोरास्नी खाऊ आणायचा. धंद्याचं येड हुतं, एवढंच."

आता आत्यानं विचारलं, "आक्का, मग तुमच्यात खसखस चालते?"

"चालती की. माझ्या आयनंच चालू केली. म्हणली, धंदा ऱ्हायला न्हाय, आफू ऱ्हायली न्हाय, मग बी कुणासाठी राखायचं? जेवूनच जायाचं तुमी. कोंबडी कापाय लावते."

"नको," पप्पा म्हणाले.

"जेवू," आत्या म्हणाली.

ती उठून स्वयंपाकघरात गेली, मी तिच्या मागं. नातसुनेनं वाटण काढून ठेवलं होतं: ओलं खोबरं, आलं, लसूण, आणि एका वाटीत भिजवलेली खसखस. आत्या पाट्यासमोर बसली. "द्या, मी वाटते." नातसून म्हणाली, "आवो ऱ्हाऊ द्या, पावण्या तुमी," पण आत्यानं वाटी पाट्यावर रिकामी केली होती. खसखस वरवंट्याखालून निसटत होती, पाट्याच्या कडेनं ओघळत होती. ती बोटांनी ओढून परत मध्ये घ्यायची, पुन्हा रगडायची. दारातून तानाक्का सांगत होती, "दाबून वाट पोरी, दाबून. जरा सैल हात पडला की पळतंय ते." आत्याच्या कपाळावर घाम आला. हळूहळू ते दाणे मोडले आणि दुधासारखं पांढरं वाटण झालं. आत्या मान वर करून म्हणाली, "किती बारीक गं असते ही, एस्तू," आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हसत होती. मी मागं वळून बघितलं. पप्पा उंबऱ्याच्या पलीकडं उभे होते. त्यांनी तिचे हात पाहिले. ते वळले आणि अंगण ओलांडून फणसाच्या झाडाखाली जाऊन बसले. मला आत्यापाशीही बसवेना आणि पप्पांकडंही जाववेना. मी उंबऱ्यातच उभी राहिले. जेवणाच्या वेळी नातसुनेनं पप्पांना भाकरी आणि दही बाहेर नेऊन दिलं, मीही तेच घेतलं, चुलीपाशी बसून. आत्यानं रस्सा दोनदा मागून घेतला.

येताना एसटीत आत्या खिडकीशी बसली होती आणि तिच्या हातांना लसणाचा वास येत होता. पप्पा पुढच्या बाकावर, आमच्याकडं पाठ करून. त्यांच्या मानेकडं बघत मी रडत होते. आत्यानं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "पप्पांचं वाईट वाटतंय ना?" मी हो म्हटलं. पण मला कळलं होतं की आता ती जाणार.

पप्पांनी शब्द पाळला. लग्न वारणानगरलाच झालं, साधं, मेसच्या मांडवात. कामगारांनी स्वतः वाढायला घेतलं होतं, हातात बादल्या घेऊन ते आरोळ्या देत पंगतीतून फिरत होते. मी पप्पांच्या शेजारी बसले होते. पांढऱ्याची बादली आली. "वाढू का, पावणं?" पप्पांनी वाटीवर हात ठेवला. वाढपी माझ्यापाशी आला. मी हात ठेवला नाही. त्यानं वाटी काठोकाठ भरली. थोडं बाहेर सांडलं. पप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही, रागावलेही नाहीत. फक्त आपली पत्रावळ बोटानं जराशी पलीकडं सरकवली, ओघळ तिथवर जाऊ नये म्हणून. रस्सा कसा लागला हे मला लोक विचारतात. मला चव आठवत नाही. ती सरकलेली पत्रावळ आठवते.

घरी आम्ही दोघंच परतलो. काही दिवसांनी, पप्पा संध्याकाळी मशीनच्या रिबिनी बदलत बसले होते तेव्हा मी विचारलं, "आता आपण पण खायची ना पप्पा, खसखस?"

"तू खा. आणून ठेव डब्यात. मी नाही खाणार."

"पण ते खरं नव्हतंच ना? तानाक्कानं सांगितलं की."

"नव्हतं." त्यांनी रिबिनीची काळी बोटं फडक्याला पुसली. "मला वाटायचं, आपल्या घरात कुणीतरी एकदा सोडलीय, आपण नुसती सांभाळायची. कुणी सोडलीच नव्हती, एस्तू. मग आता कुणी सोडायला नको का?"

मी आज त्या वेळच्या पप्पांपेक्षा वयानं मोठी आहे. त्यांच्या या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि मला ते पटतं. त्या संध्याकाळी पटलं नव्हतं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की ते आपल्या नेमात एकटे जाऊन बसले आणि मला सोबत ये असं म्हणालेसुद्धा नाहीत.

त्या हिवाळ्यापासून रविवारी आमच्या चुलीवर दोन पातेली चढू लागली. एक त्यांचं, एक माझं. मी सुटीत वारणानगरला जाऊन आत्याकडून रीत शिकून आले, आपला वेगळा डबा केला, वेगळा चमचा केला, त्यांच्या पातेल्याला माझा हात लागण्याआधी तो धुवायची सवय लावून घेतली. सगळं व्यवस्थित जमलं. जमलं नाही ते एकच. कितीही लहान पातेलं घेतलं, कितीही थोडं वाटण घातलं, तरी पांढरा रस्सा एका माणसापुरता होत नाही. तो उरायचाच. सोमवारी सकाळी मी तो गरम करून, ओट्यापाशी उभ्यानं, एकटी संपवायची.